विश्लेषण : दुसऱ्या चमत्काराविना संतपद... गोव्याचे जोसेफ वाझ यांचे ‘पवित्र जीवन’ नेमके कसे होते?

१४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी गोव्यात जन्मलेल्या एका धर्मगुरूला संत घोषित केले. त्यांचे नाव जोसेफ वाझ. गोव्यात त्यांना सांत जुझे वाझ म्हणतात. त्यांच्या निधनाला तेव्हा ३०४ वर्षे झाली होती. कॅथलिक पंथात संतपदासाठी सर्वसाधारणपणे दोन चमत्कारांची खातरजमा करावी लागते. वाझ यांच्या बाबतीत एकच चमत्कार मान्य झाला होता आणि दुसऱ्याची अट पोपनी शिथिल केली. ही सवलत का मिळाली, हे समजून घ्यायचे तर वाझ कसे जगले हे पाहावे लागते. दरवर्षी १६ जानेवारीला त्यांचा स्मृतिदिन गोव्यात आणि श्रीलंकेत भक्तिभावाने पाळला जातो.

ख्रिस्ती धर्मात ‘पवित्र’ म्हणजे काय?

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात देव इस्राएल लोकांना पवित्र होण्याची आज्ञा देतो. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात तीच आज्ञा ख्रिस्ताच्या अनुयायांना दिलेली आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘वेगळे राखलेले’, म्हणजेच देवाच्या कामासाठी बाजूला काढलेले, असा आहे. सोवळ्याच्या कल्पनेशी तो वरवर जुळतो. मात्र येशूच्या शिकवणुकीत या शब्दाचा रोख बदलतो. कोणाला शिवायचे नाही यापेक्षा कोणाजवळ जायचे, याला तिथे महत्त्व येते. कुष्ठरोगी, जकातदार, परकी शोमरोनी स्त्री यांच्याकडे जाणे हाच पवित्र जीवनाचा भाग ठरतो.

मराठी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांत सर्वच विश्वासणाऱ्यांना ‘पवित्र जन’ म्हटले आहे. म्हणजे सुरुवातीला हा शब्द मोजक्या थोर व्यक्तींसाठी राखीव नव्हता. पुढे कॅथलिक पंथात आदर्श ठरलेल्यांना संत म्हणून जाहीर करण्याची पद्धत रूढ झाली. प्रोटेस्टंट पंथांत अशी घोषणा होत नाही, पण पवित्र जगण्याचे पाचारण प्रत्येकाला आहे हे तेही मानतात. महाराष्ट्रात नामदेव किंवा तुकाराम यांना संत ठरवायला कोणतीही कचेरी लागली नाही, लोकांनीच ते ठरवले. कॅथलिक पंथात लोकांची श्रद्धा आधी असते आणि तिची तपासणी नंतर होते.

कोण होते जोसेफ वाझ?

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील साष्टी भागातल्या बाणावली येथे आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, तर आई मारिया दी मिरांडा बाणावलीची. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. घराणे पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले, मूळचे कोकणी ब्राह्मण. घरची भाषा कोकणी. पोर्तुगीज ते सांकवाळला शिकले आणि लॅटिन बाणावलीला. पुढचे शिक्षण जुन्या गोव्यात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि डॉमिनिकनांच्या विद्यालयात झाले. १६७६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

त्या काळातला गोवा लक्षात घेतला पाहिजे. पोर्तुगीज सत्तेची ती आशियातली राजधानी होती. ख्रिस्ती धर्म राज्यकर्त्यांचा होता आणि धर्मसभेच्या पाठीशी राज्यसत्तेचे बळ होते. १५६० मध्ये सुरू झालेले धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, जोरात होते. श्रीमंत घरांत गुलाम राबत असत. चांगल्या कुळातल्या, लॅटिन जाणणाऱ्या तरुण धर्मगुरूला या व्यवस्थेत सुखाची जागा मिळू शकत होती. वाझ यांनी दीक्षा मिळाल्यावर पायातली पादत्राणे काढून टाकली. गरीब लोक अनवाणी चालतात म्हणून आपणही तसेच चालायचे, असे त्यांनी ठरवले आणि ते जन्मभर पाळले. प्रवचनकार म्हणून आणि पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणून त्यांचे नाव झाले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिन शिकवणारी शाळा काढली.

‘गुलामीचा करारनामा’ कशासाठी?

५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळ येथे वाझ यांनी एक दस्तऐवज लिहिला. त्यात त्यांनी स्वतःला मारियामातेचा कायमचा गुलाम म्हणून अर्पण केले. युरोपातील काही भक्तिपरंपरांत असे अर्पण करण्याची रीत होती, पण गोव्यात या शब्दाला रोजच्या व्यवहारातला अर्थ होता. गुलाम म्हणजे ज्याच्या अंगावरचे कापडही स्वतःचे नाही असा माणूस. उच्च कुळात जन्मलेल्या, शिकलेल्या माणसाने स्वतःहून ती पायरी निवडणे ही सोपी गोष्ट नव्हती.

हा कागद भक्तीच्या भरात लिहिला आणि विसरला, असे झाले नाही. पुढच्या तेहतीस वर्षांत वाझ यांनी मजूर, भिकारी, कैदी आणि रुग्णसेवक अशी कामे केली. पवित्र जीवन ही त्यांच्या लेखी मनाची अवस्था नव्हती. आपण कुठे राहतो, काय खातो आणि कोणाच्या दाराशी उभे राहतो, यावर ते ठरत होते.

कॅनरातील तीन वर्षांत काय घडले?

१६८१ मध्ये वाझ यांना कॅनरा प्रांतात, म्हणजे आजच्या कर्नाटकच्या किनारपट्टीवर, पाठवण्यात आले. होन्नावर, गंगोळी, बसरूर, कल्याणपूर, मंगळूर अशा गावांत विखुरलेली ख्रिस्ती कुटुंबे होती. त्यांच्यासाठी धर्मगुरू अपुरे होते. वाझ यांनी प्रार्थनामंदिरे पुन्हा उभी केली, शाळा काढल्या आणि गुलामांना पैसे भरून सोडवले.

तिथे एक वेगळेच भांडण पेटलेले होते. आशियातील धर्मसभेवर हक्क कोणाचा, पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा? पोपनी पोर्तुगीज राजाला दिलेल्या जुन्या अधिकारांना ‘पाद्रुआदो’ म्हणत. रोमने नेमलेले बिशप थॉमस दी कास्त्रो मंगळुरात होते आणि गोव्याचे आर्चबिशप त्यांचा अधिकार मानायला तयार नव्हते. दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंमध्ये सामान्य माणूस भरडला जात होता. वाझ गोव्याच्या बाजूने पाठवलेले असूनही त्यांनी बिशपशी आदराने बोलणी केली आणि लोकांच्या मनातली दुही वाढू नये यासाठी धडपड केली. १६८४ मध्ये ते गोव्यात परतले.

स्थानिक धर्मगुरूंची वेगळी संस्था का निघाली?

वाझ परतले तेव्हा साष्टी आणि बार्देश नुकतेच छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीतून बाहेर आले होते. हादरलेल्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिकांवरचा फास आवळला. जून १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भेदभाव धर्मसभेतही होता. गोमंतकीय तरुण धर्मगुरू होऊ शकत, पण जेझुइट, फ्रान्सिस्कन यांसारख्या युरोपीय संन्यासी संघांची दारे त्यांना बंद होती.

या अन्यायाला काही गोमंतकीय धर्मगुरूंनी स्वतःच्या पद्धतीने उत्तर दिले. पास्कोआल दा कॉस्ता जेरेमियास यांच्या पुढाकाराने ते एकत्र राहू लागले. जुन्या गोव्यातील टेकडीवरच्या ‘चमत्कारी क्रूसा’च्या चर्चमध्ये त्यांचे बिऱ्हाड होते. सप्टेंबर १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात सामील झाले आणि लगेच प्रमुख म्हणून निवडले गेले. सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी सुरू केलेल्या ऑरेटरी या संस्थेची नियमावली त्यांनी आपल्या संस्थेसाठी स्वीकारली. सामुदायिक प्रार्थना, साधे जेवण, प्रवचन आणि गोरगरिबांची सेवा असा तो क्रम होता. ज्यांना दुय्यम मानले गेले होते त्यांनीच चालवलेल्या या संस्थेने पुढे श्रीलंकेतील कॅथलिक समाजाला सावरले.

श्रीलंकेला जाण्यात धोका कोणता होता?

सोळाव्या शतकापासून श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचे बस्तान होते आणि त्यांच्या काळात हजारो लोक कॅथलिक झाले होते. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले. डच हे कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट. त्यांच्या दृष्टीने कॅथलिक धर्मगुरू म्हणजे पोर्तुगीजांचा हस्तक. त्यांनी धर्मगुरूंना हाकलले, चर्चच्या इमारती ताब्यात घेतल्या आणि कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणाऱ्यासाठी मृत्युदंडाची शिक्षा जाहीर केली. लोकांची मुले डच शाळांत आणि डच चर्चमध्ये नोंदवली जाऊ लागली.

त्यामुळे जवळपास तीन दशके तिथल्या कॅथलिकांना स्वतःचा धर्मगुरू नव्हता. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणणारे कोणी नाही. ही हकिगत गोव्यात पोहोचली होती. वाझ यांनी तिकडे जायचे ठरवले. प्रमुखपद सोडून १६८६ मध्ये ते निघाले, तेव्हा ते पस्तिशीत होते. सोबत जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. त्यानंतर गोव्याच्या भूमीवर त्यांचे पाऊल पुन्हा पडले नाही.

जाफनात ते भिकारी का झाले?

धर्मगुरूच्या झग्यात डच हद्दीत उतरणे म्हणजे थेट तुरुंगात जाणे. वाझ यांनी मजुरासारखा कमरेला कपडा गुंडाळला आणि ते तुतिकोरीनपर्यंत गेले. तिथे त्यांनी तमिळचा सराव केला. १६८७ च्या ईस्टरच्या सुमारास ते आणि जॉन जहाजात बसले. प्रवासातल्या हालांनी दोघेही इतके खंगले की, जाफनात पोहोचल्यावर वाझ यांना जिवावरचा रक्ती आमांश झाला. परक्या गावात, ओळखपाळख नसताना, दोन आजारी माणसे रस्त्याकडेला पडून होती. तिथल्या गरिबांनी दिलेल्या पेजेवर ती जगली.

बरे झाल्यावर प्रश्न होता कॅथलिक शोधायचे कसे. विचारावे तर घात, न विचारावे तर काम अडते. वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागले. ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख चमकते, एवढेच ते पाहत, असे त्यांच्या चरित्रांत येते. एका घराचा विश्वास बसला, मग दुसऱ्या. हळूहळू रात्रीच्या अंधारात मिस्सा होऊ लागली. दिवसा हा माणूस भिक्षेकरी आणि रात्री धर्मगुरू. जाफनाजवळच्या सिल्लालै या गावात कॅथलिकांची वस्ती मोठी आणि निर्धाराची होती. तिथे त्यांनी काही काळ मुक्काम केला.

डचांना सुगावा लागला. १६८९ च्या नाताळच्या रात्री भाविक जमलेल्या घरांवर छापे पडले. वाझ निसटले, पण अनेक जण पकडले गेले आणि त्यांनी कठोर शिक्षा भोगल्या. पवित्र जीवनाच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. वाझ यांच्या निर्णयाची किंमत त्यांच्याबरोबर इतरांनीही मोजली होती. आपल्यामुळे माणसे धोक्यात येतात हे त्यांना कळत होते. १६९० मध्ये ते डच हद्दीबाहेर, कँडीच्या राजाच्या मुलखातील पुत्तलमला गेले. तिथून ते किनाऱ्यावरच्या लोकांकडे गुपचूप येत-जात राहिले.

बौद्ध राजाने त्यांना आधी तुरुंगात का टाकले?

बेटाच्या मध्यभागी, डोंगराळ मुलखात कँडीचे स्वतंत्र राज्य होते. १६९२ मध्ये वाझ राजधानीकडे निघाले. दरबारात असलेल्या एका फ्रेंच प्रोटेस्टंटाने हा पोर्तुगीजांचा हेर आहे, असे राजाच्या कानावर घातले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना कैद केले. पोर्तुगीजांनी या राज्यावर पूर्वी वारंवार स्वाऱ्या केल्या होत्या. त्यामुळे राजाचा संशय समजण्यासारखा होता.

कैदेत वाझ यांनी सिंहली शिकायला घेतले. पळून जाण्याचा प्रयत्न होत नाही हे पाहून पहारा सैल झाला. मग त्यांनी तुरुंगाच्या आवारातच एक झोपडी उभारून तिला प्रार्थनामंदिर केले. शहरातल्या कॅथलिकांना, ज्यांत जुन्या लढायांतले पोर्तुगीज कैदी आणि त्यांची कुटुंबे होती, तिथे येऊ देण्यात आले. हळूहळू राजाची खात्री पटली की, या माणसाला राज्यकारभारात रस नाही आणि याच्यामागे कोणतीही फौज नाही.

राजा स्वतः निष्ठावान बौद्ध होता. लंकेत भिक्खूंची उपसंपदा खंडित झाली होती, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्याने अराकानातून भिक्खू आणवले. अशा राजाने एका कॅथलिक धर्मगुरूला आसरा दिला. ख्रिस्ती सत्ताधारी ज्याला शोधत होते, तो बौद्ध राजाच्या छायेत सुरक्षित होता.

१६९६ च्या दुष्काळाची एक कथा श्रीलंकेत आजही सांगितली जाते. वाझ यांनी उघड्यावर वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, पण ते जिथे गुडघे टेकून बसले होते ती जागा कोरडी राहिली, असे ती कथा सांगते. ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि श्रद्धेची म्हणूनच ती घ्यावी. मात्र त्यानंतर वर्षभरातच जे घडले त्याला चमत्कार म्हणण्याची गरज कोणाला वाटत नाही.

देवीच्या साथीत त्यांनी काय केले?

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. लसीचा शोध लागायला अजून शंभर वर्षे होती. लोक आजाऱ्याला घरातून काढून रानात सोडत आणि तो तिथेच मरे. ज्यांना शहर सोडून जाता आले ते गेले. त्याच वर्षी गोव्याहून ऑरेटरीचे काही धर्मगुरू मदतीला आले होते. त्यांच्यात वाझ यांचे नातलग जोसेफ कार्व्हाल्यो होते. वाझ आणि कार्व्हाल्यो शहरात थांबले.

त्यांनी रानात टाकलेल्या रुग्णांसाठी आडोसे उभारले. ओस पडलेल्या घरांत माणसे आणून ठेवली. जखमा धुणे, पाणी पाजणे, घाण काढणे, भात भरवणे ही कामे ते स्वतःच्या हाताने करत. मेलेल्यांना खांद्यावर नेऊन पुरत. रुग्ण बौद्ध आहे की ख्रिस्ती, ओळखीचा आहे की परका, हे पाहिले गेले नाही. कधी एकेका दिवसात अनेक प्रेते उचलावी लागत. ही सेवा साथ ओसरेपर्यंत चालली.

या काळात वाझ यांनी कोणतेही मोठे प्रवचन दिले म्हणून ते लोकांना आठवत नाहीत. साथीत हा माणूस पळाला नाही, एवढेच कँडीने पाहिले. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात कुठेही फिरण्याची मोकळीक दिली. ज्यांचे त्यांच्या धर्मकार्याशी पटत नव्हते, त्यांनाही त्यांच्याविरुद्ध हेरगिरीचा आरोप रेटणे अवघड झाले.

पदे आणि भाषा यांबाबत त्यांची भूमिका काय होती?

गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंनी एक बातमीही आणली होती. कोचीनचे बिशप पेद्रो पाशेको यांनी वाझ यांना श्रीलंकेसाठी आपले प्रमुख प्रतिनिधी नेमले होते. ही जबाबदारी त्यांनी घेतली, कारण तिच्यात काम होते. पुढे त्यांना बिशपपद देण्याचा विचार झाला तेव्हा मात्र त्यांनी नकार दिला. पायी फिरणे, भिक्षेवर जगणे आणि स्वतःचे कपडे स्वतः धुणे हा क्रम त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

१७०५ मध्ये आणखी धर्मगुरू आले, तेव्हा त्यांनी बेटाचे आठ विभाग पाडून प्रत्येकावर एकेक जण नेमला. त्या तुकडीत दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्विस होते. भाषेत त्यांची गती असल्याचे ओळखून वाझ यांनी त्यांना सिंहली आणि तमिळचा सखोल अभ्यास करायला लावले. गोन्साल्विस यांनी पुढे दोन्ही भाषांत विपुल लेखन केले. सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून श्रीलंकेत त्यांचे नाव आजही घेतले जाते.

गोव्यात लोकांनी राज्यकर्त्यांची भाषा बोलावी असे फर्मान निघाले होते. श्रीलंकेत त्याच गोव्याचे धर्मगुरू लोकांची भाषा शिकत होते. वाझ यांनी फर्मानाविरुद्ध काही लिहिल्याचे प्रसिद्ध नाही, पण त्यांच्या कामाची दिशा त्याच्या उलट होती.

मृत्यूनंतर संतपदाला ३०४ वर्षे का लागली?

१७०७ मध्ये राजा विमलधर्मसूर्य वारला. त्याचा मुलगा नरेंद्रसिंह यानेही वाझ यांना मान दिला. सततच्या पायपिटीने आणि आजारांनी वाझ थकले होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एकटा आलेला हा माणूस गेला तेव्हा मागे धर्मगुरूंची फळी, प्रार्थनामंदिरे आणि स्वतःच्या पायावर उभा समाज होता.

दोनच वर्षांत, १७१३ मध्ये, बिशप पाशेको यांनी त्यांच्या संतपदासाठीची चौकशी सुरू केली. सेबास्तियाव दो रेगो या ऑरेटरीच्याच धर्मगुरूने लिहिलेले त्यांचे चरित्र १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले. पण पुढे प्रकरण रेंगाळले. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बंद केले, त्यात गोव्याची ऑरेटरीही संपली. ज्यांनी पाठपुरावा करायचा तेच उरले नाहीत. विसाव्या शतकात गोवा आणि श्रीलंकेतील श्रद्धाळूंनी हे काम पुन्हा हाती घेतले.

कॅथलिक पद्धतीत चार पायऱ्या असतात. चौकशी सुरू झाली की ती व्यक्ती ‘देवाचा सेवक’ ठरते. तिने विश्वास, आशा, प्रेम, विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे गुण असामान्य प्रमाणात आचरले, असे सिद्ध झाले की ‘वंदनीय’. त्यानंतर एक चमत्कार मान्य झाला की ‘धन्य’ आणि आणखी एक झाला की ‘संत’. धर्मासाठी प्राण गेलेल्या हुतात्म्यांना ‘धन्य’ ठरवताना चमत्काराची अट नसते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. तो हुतात्म्याचा मार्ग होता. वाझ अंथरुणावर वारले. त्यामुळे त्यांचा दावा पूर्णपणे त्यांच्या जगण्यावर उभा होता.

वाझ यांना १९८९ मध्ये ‘वंदनीय’ ठरवण्यात आले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना ‘धन्य’ घोषित केले. सन २००० मध्ये ते गोवा आणि दमण आर्चडायोसिसचे आश्रयदाते संत झाले. दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल करण्यास २०१४ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्या जानेवारीत ते श्रीलंकेचे पहिले संत ठरले. चमत्काराची अट नियमाने ठेवलेली आहे आणि ती माफ करण्याचा अधिकार पोपना असतो. तीन शतके दोन देशांत टिकलेली श्रद्धा आणि तपासून मान्य झालेले जीवन हे वाझ यांच्याबाबत पुरेसे मानले गेले.

आक्षेप कोणते घेतले जातात?

वाझ धर्मप्रसारक होते आणि त्यांनी अनेकांना बाप्तिस्मा दिला, हे खरे आहे. वसाहतवादाचा अनुभव असलेल्या समाजात धर्मप्रसाराकडे संशयाने पाहिले जाते. गोव्यातील इन्क्विझिशनच्या इतिहासामुळे हा संशय निराधारही नाही. वाझ यांच्या सेवेचे कौतुक करताना त्यांच्याच धर्मसभेने त्याच काळात गोव्यात सत्तेच्या जोरावर काय केले, हे विसरता येत नाही.

मात्र दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजणेही योग्य नाही. वाझ यांच्या हाती श्रीलंकेत कोणतीही सत्ता नव्हती. त्यांना कोणावर सक्ती करता येत नव्हती, उलट त्यांच्यावरच सक्ती होत होती. त्यांचे मुख्य काम आधीपासून कॅथलिक असलेल्या आणि वाऱ्यावर सोडलेल्या माणसांसाठी होते. रुग्णसेवेसाठी त्यांनी धर्माची अट घातली नाही. २००९ मध्ये संपलेल्या यादवीनंतर श्रीलंकेत सिंहली आणि तमिळ यांच्यातील जखमा ओल्या असताना, दोन्ही भाषा शिकून दोन्ही समाजांत राहिलेला हा माणूस संतपदासाठी पुढे आणला गेला, याला म्हणूनच अर्थ होता.

सामान्य माणसासाठी यात काय आहे?

पवित्र जीवन हे धर्मगुरू, संन्यासी आणि जोगिणींचे काम, बाकीच्यांनी रविवारी चर्चमध्ये जावे, अशी समजूत दीर्घकाळ होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ‘लुमेन जेंशियम’ या दस्तऐवजात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. पावित्र्याचे पाचारण शेतकरी, गृहिणी, कामगार, शिक्षक अशा प्रत्येकाला आहे, असे त्यात स्पष्ट केले आहे. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर स्वतंत्र पत्र काढले आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या साध्या माणसांतही संत असतात, असा मुद्दा मांडला.

वाझ यांच्यासारखे देश सोडून वेषांतर करणे कोणाकडूनही अपेक्षित नाही. पण त्यांच्या दिनक्रमातली बहुतेक कामे विलक्षण नव्हती. आजाऱ्याला भरवणे, शेजाऱ्याची भाषा शिकणे, मिळणारे पद गरज नसेल तर न घेणे, भांडणात तेल न ओतणे आणि संकटात जागा न सोडणे. अवघड होते ते हे सगळे चोवीस वर्षे, कोणी पाहत नसताना करत राहणे. सांकवाळ येथील त्यांच्या पवित्र स्थळी येणारे भाविक त्यांच्याकडे नवस बोलतात, आजारपणात त्यांचे नाव घेतात. ख्रिस्ती शिकवणुकीनुसार मात्र संताची खरी आठवण ठेवणे म्हणजे त्याने केले त्यातले एखादे काम स्वतः करणे. देवीच्या साथीत रानात टाकलेल्या माणसाजवळ जाऊन बसणे, हे त्या कामांपैकी एक होते.